मुल्हाइमचे निकेल

रूर नदीकाठच्या मुल्हाइम येथे दगडी कोळशाच्या संशोधनार्थ स्थापन झालेल्या संस्थेचे संचालकपद कार्ल झीग्लर यांनी १९४३ साली स्वीकारले, ते कोळशाच्या चाकरीत न अडकता आपल्याला रुचेल त्या रसायनाचा अभ्यास करण्याची मुभा आधी पदरात पाडून घेऊनच. आणि जिच्या नावातच कोळसा होता त्या संस्थेने ही अट मान्य केली, हे तिच्या कारभाऱ्यांच्या दूरदृष्टीचे द्योतक मानले पाहिजे.

झीग्लर यांच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे सेंद्रिय धातुसंयुगे, ज्यांत कार्बन धातूशी प्रत्यक्ष जोडलेला असतो आणि ज्यांतील कित्येक हवा लागताच पेट घेतात. अ‍ॅल्युमिनियमच्या अशा संयुगावर एथिलीन वायू दाबाखाली सोडला, की त्याचे रेणू धातू आणि कार्बन यांच्या मधोमध एकामागून एक शिरतात व साखळी लांबत जाते, हे त्यांच्या प्रयोगशाळेत नित्याचे झाले होते. होल्ट्सकाम्प या त्यांच्या विद्यार्थ्याच्या पात्रात मात्र ही साखळी आरंभीच तुटली आणि हाती आले ते केवळ ब्यूटीन. एखाद्या उतावळ्या गुरूने पात्र पुन्हा धुवायला सांगून प्रकरण दप्तरी दाखल केले असते. झीग्लर यांनी रीतसर चौकशी आरंभली, आणि पात्र साफ करताना मागे राहिलेला निकेलचा लेश गुन्हेगार ठरला. मग इतर धातूंचीही एकेक करून जबानी घेण्यात आली. झिर्कोनियमने अनपेक्षितपणे पांढरे प्लास्टिक दिले. आणि १९५३ सरता सरता टायटॅनियम टेट्राक्लोराइडने तर, ज्यासाठी इंग्रज कारखानदार सहस्राधिक वातावरणांचा दाब वापरीत ते पॉलिथिलीन, साध्या हवेच्या दाबाला काचेच्या भांड्यात करून दाखवले. वायू शोषला जाई, भांडे आपोआप तापे, आणि तासाभरात लगदा इतका दाट होई की ढवळणी फिरेना.

मोंतेकातिनी कंपनीशी झालेल्या करारामुळे ही वार्ता मिलानच्या ज्यूलिओ नाट्टा यांना लवकर कळली. मार्च १९५४ मध्ये त्यांनी प्रॉपिलीनवर तोच प्रयोग केला आणि साखळीवरील मेथिल गट एकाच बाजूला शिस्तीने बसल्यामुळे ते प्लास्टिक स्फटिकरूप व कणखर होते, हे क्ष-किरणांनी सिद्ध केले. झीग्लर दुखावले, आणि ते स्वाभाविकच होते; तथापि रचनेचे ते मर्म नाट्टा यांनीच उकलले, हेही नाकारता येत नाही. १९६३ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. पेटंटांचे दावे मात्र चालूच राहिले, आणि स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलीनचे अमेरिकी पेटंट १९८३ साली अखेर मंजूर झाले ते फिलिप्स कंपनीला. तोवर झीग्लर आणि नाट्टा दोघेही दिवंगत झाले होते.