निऑन लाईट म्हणजे काय? खरा निऑन तुमच्या टेस्टरमध्ये आहे!

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर एखाद्या कॅफेत सेल्फी काढताना मागे गुलाबी-निळी अक्षरं चमकत असतात. सगळे त्याला ‘निऑन साइन’ म्हणतात. पण आजकाल अशा बहुतेक बोर्डांत निऑन नसतोच! सिलिकॉनच्या नळीत एलईडीची पट्टी असते. मग खरा निऑन कुठे? घरातल्या साध्या टेस्टरमध्ये!

शोध कसा लागला?

१८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी निऑन शोधला. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘नवा’. हवेच्या दहा लाख भागांत निऑन जेमतेम १८ भाग असतो. फ्रान्सचे जॉर्ज क्लोद हवा द्रवरूप करून तिच्यातले वायू वेगळे करायचे, त्यात निऑन आपोआप हाती यायचा. त्यांनी तो काचेच्या नळ्यांत भरला आणि डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात हे दिवे लोकांना दाखवले.

प्रकाश कसा पडतो?

नळीतली हवा काढून कमी दाबाने निऑन भरतात. दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड असतात. मोठ्या बोर्डाला हजारो व्होल्ट लागतात. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आदळतात, अणूंना जास्तीची ऊर्जा मिळते आणि ती ते प्रकाशाच्या रूपात सोडतात. हा प्रकाश नेहमी केशरी-लाल असतो. निळ्या रंगासाठी आर्गॉन आणि पारा वापरतात.

टेस्टरमध्ये काय होतं?

टेस्टरमधला चिमुकला निऑन बल्ब साधारण ६० ते ९० व्होल्टला पेटतो आणि आपल्या घरात वीज असते २३० व्होल्टची. टोक फेजला लावून मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवलं की तुमच्या शरीरातून सर्किट पूर्ण होतं. आतला मोठा रेझिस्टर करंट एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी ठेवतो, म्हणून झटका जाणवत नाही.

हे लक्षात ठेवा

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं समजू नका! बल्ब खराब असू शकतो, उन्हात उजेड दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो फिका पडतो. आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर तपासून घ्या. हात कोरडे ठेवा. आणि बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद कराच.