मोडण्यासाठी बांधलेली नगरे

मराठवाड्यातल्या माणसाला वास्तू म्हटले की दगड आठवतो. मी राहतो त्या वारंगा फाट्यापासून औंढा नागनाथ फार दूर नाही. तिथली शिल्पे शतकानुशतके ऊनपाऊस झेलत उभी आहेत. म्हणूनच कलादिग्दर्शनाच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा एक गोष्ट मला सारखी अडवत राहिली. या कलेतली वास्तू मोडण्यासाठीच बांधलेली असते. चित्रीकरण संपले की बांबू, प्लायवूड, प्लास्टर सुटे होते आणि अभ्यासकाच्या हाती कॅमेऱ्याने पाहिले तेवढेच उरते.

मराठी माणसाचा या कलेशी संबंध जुना आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’च्या (१९२०) काळात रंगवलेल्या पडद्यांकडून भरीव नेपथ्याकडे वाट वळवली. पुढे ‘प्रभात’मध्ये फत्तेलालांनी ती रुंद केली. ही मंडळी मुळात चित्रकार. १९६५ साली जन्मलेले नितीन चंद्रकांत देसाई मात्र छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन आले, आणि नितीश रॉय यांच्या हाताखाली ‘तमस’सारख्या मालिकेवर उमेदवारी करत घडले.

दूरदर्शनवरच्या ‘चाणक्य’ने (१९९१) त्यांची खरी परीक्षा घेतली. मौर्यांचे पाटलीपुत्र उभारायचे कशावरून? कुम्हरारच्या उत्खननात ऐंशी खांबांच्या सभागृहाच्या खुणा सापडल्या, मेगॅस्थेनिसने लाकडी तटबंदी वर्णिली. बाकी सारे तर्काचे काम. गंमत अशी, की मूळ नगरही बरेचसे लाकडाचेच होते, म्हणून तेही टिकले नाही. तरी माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर पाटलीपुत्र म्हटले की त्या मालिकेतलेच येते. पाठ्यपुस्तकाला ते जमले नव्हते.

देसाईंना कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार चारदा मिळाला: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’साठी. लोक ‘देवदास’च्या काचमहालाबद्दल बोलतात. मला पहिला पुरस्कार अधिक मोलाचा वाटतो. मौर्यांचा दरबार चुकला तर तक्रार करायला कोणी मौर्य येत नाही. जब्बार पटेलांच्या त्या चित्रपटाचे असे नव्हते. बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली, ऐकलेली माणसे प्रेक्षकांत बसणार होती. तिथे भपका कामाचा नव्हता. खोली, टेबल, पुस्तकांची मांडणी खरी वाटणे भाग होते. ज्या कामाकडे लक्षच जात नाही, ते या कलेत सर्वांत अवघड.

‘लगान’साठी भुजजवळ चंपानेर हे अख्खे गाव उभे राहिले. आणि २००५ मध्ये देसाईंनी कर्जतला स्वतःचा एन. डी. स्टुडिओ उभारून या व्यवसायाची रीतच उलटवायचे धाडस केले. आता सेट मोडायचा नाही, राखायचा! ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचे महाल तिथेच उभे राहिले. त्यांनी स्वतः निर्मिलेली ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) ही मालिकाही त्याच उमेदीच्या काळातली. पण प्लास्टरचा किल्ला दगडाच्या किल्ल्यासारखा विनाखर्च उभा राहत नाही. कर्जतच्या पावसात त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते, आणि चित्रीकरण नसलेल्या दिवशीही कर्जाचे व्याज चालूच असते. कलावंताने जपायला घेतलेली वास्तू सावकाराच्या वहीत तारण म्हणूनच नोंदली जाते.

कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू असताना, २ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच स्टुडिओत देसाईंचे निधन झाले. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरला होता. सेट तेव्हाही उभे होते.