सरकारचे कर्ज आणि अर्धवट राहिलेला कालवा

श्रोतेहो, गावात सावकार एकच, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर पाटलांच्या घरी लग्न निघाले, तर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. सावकाराची थैली वाड्यात रिती होते आणि बियाण्यासाठी आलेला कुणबी ओसरीवरूनच परत फिरतो. राज्याचे सरकार कर्जाला उभे राहिले म्हणजे असेच घडू शकते. इंग्लंडात ते घडले, त्याची ही हकीकत.

लीड्स हे लोकरीच्या कापडाचे शहर, लिव्हरपूल हे बंदर. दोन्ही जोडणारा 127 मैलांचा कालवा 1770 साली खणायला घेतला. शेतीच्या पाण्यासाठी नव्हे हो, कोळसा आणि चुनखडी नावेतून नेण्यासाठी. पैसा लोकांनी भाग घेऊन उभा केलेला. दोन्ही टोकांकडून काम चालले, पण 1777 साली थैली रिकामी झाली आणि मधला डोंगराळ पट्टा तसाच राहिला. नवा पैसा मागायला जावे, तो बाजारात सरकारच उभे!

कारण अमेरिकेतील वसाहतींशी 1775 पासून लढाई जुंपली होती. सरकारी कर्जाची रीत अशी: 100 पौंडांचा रोखा, त्यावर दरसाल 3 पौंड व्याज, मुद्दल फेडायला मुदत नाही. रोखा बाजारात विकता येई. लढाई लांबली, रोखे भारंभार झाले, तशी किंमत उतरत 60 च्या खाली गेली. आता हिशेब करा. 60 टाकून 3 मिळाले, म्हणजे शेकडा 5 पडले.

खरी मेख इथेच आहे. 1714 च्या कायद्याने खासगी कर्जावर शेकडा 5 हून जास्त व्याज घेण्यास मनाई होती. कायदा ऋणकोच्या रक्षणाचा, पण सरकार रोखा स्वस्तात विकून त्या कुंपणापलीकडे जाई, आणि कालवेवाला किंवा घर बांधणारा अलीकडेच अडके. जमीन गहाण टाकूनही पैसा मिळेना. मग लोक आडवाटेने जात. कर्ज न म्हणता तहहयात वर्षासन विकल्याचा कागद करीत. आपल्याकडे गहाणाला मुदतखरेदी म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

सारा दोष कर्जाच्या माथी मारणे मात्र मला पटत नाही. लढाईने व्यापारही बसला होता. शिवाय 1694 साली याच सरकारने बँक ऑफ इंग्लंडकडून 12 लाख पौंड घेतले ते शेकडा 8 ने. पुढे पार्लमेंटने करांची हमी दिली, व्याज वेळेवर चुकते झाले, तेव्हा शांततेच्या दिवसांत लोक शेकडा 3 च्या आसपासही देऊ लागले. कर्ज वाढले होते आणि दर उतरला होता. देशात शिल्लक किती पडते आणि सरकार एका दमात त्यातले किती ओढते, हे पाहावे लागते.

1783 साली तह झाला. कालव्याचे काम सुमारे 1790 साली पुन्हा निघाले, तो 1793 मध्ये फ्रान्सशी युद्ध. 1797 साली रोखा 50 च्याही खाली आला. अखेर 1816 साली, आरंभापासून 46 वर्षांनी, नाव लीड्सहून थेट लिव्हरपूलला गेली. व्याजाचा तो कायदा मात्र पुरता रद्द झाला तो 1854 साली.