गणेशखिंडीतील नवा विद्यार्थी



पुणे हे विद्येचे माहेरघर आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाही. परंतु त्या घरात कोणत्या दाराने शिरावयाचे, हे मात्र खेड्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलास कोणीतरी सांगावेच लागते. आमच्या नारायणगावाहून पुणे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे. तेवढी वाट एस. टी. सहज तोडते, त्यापुढची, म्हणजे विद्यापीठाच्या फाटकापासून वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह व भोजनगृह यांपर्यंतची वाट मात्र नवख्यास फार लांब वाटते. ती वाट पूर्वी कोणी व कशी दाखविली, हे आज थोडक्यात पाहू.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि १८२१ साली विश्रामबागवाड्यात सरकारी संस्कृत पाठशाळा उघडली. वाडा भर वस्तीत होता. पेठांतून राहणाऱ्या विद्यार्थ्यास पाठशाळा, देऊळ, हौद व गुरुजींचे घर ही सर्व हाकेच्या अंतरावर असत. जेवणाची सोय वार लावून होई. आठवड्याचे सात वार, सात घरे. कोणी माधुकरी मागून पोट भरी. या रीतीत लाचारी होती हे खरे, तथापि तिच्यात एक मोठा गुणही होता. मुलगा रोज कोणत्या ना कोणत्या घरच्या माणसांसमोर येई. तो आला नाही, तर त्याची विचारपूस होई. पुढे १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेव्हा तेथील मुलांनीही प्रथम माधुकरीवरच दिवस काढले.

परंतु ही दारे सर्वांस उघडी नव्हती, हे लपविण्यात अर्थ नाही. वार मिळे तो बहुधा ब्राह्मणाच्या मुलास. कुणब्याच्या, माळ्याच्या वा महाराच्या मुलाने कोणाच्या ओसरीवर जावे? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ सालापासून वसतिगृहे उघडून दिले, आणि साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली व एका पंक्तीत बसवून दिले. १९४७ साली साताऱ्यास त्यांनी महाविद्यालय काढले, तेही ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. दुसऱ्याच्या दारी उभे राहण्याची गरजच त्यांनी नाहीशी केली. ज्याने आपल्या हाताने वसतिगृहाचे अंगण झाडले, त्यास ते अंगण परके कसे वाटणार?

इकडे पुण्यात पाठशाळेचे कॉलेज झाले, आणि १८६८ साली ते डेक्कन कॉलेज नदीपलीकडे येरवड्याच्या माळावर गेले. विद्या पेठेतून माळावर निघाली, तिचे हे पहिले मोठे पाऊल. दुसरे पाऊल पडले ते स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या कायद्यान्वये पुणे विद्यापीठ स्थापण्याचे ठरले आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते अस्तित्वात आले. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. विद्यापीठास जागा मिळाली ती गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या प्रासादाची.

हा प्रासाद कशासाठी बांधला होता, ते ध्यानी घेण्यासारखे आहे. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, मुंबईच्या गव्हर्नरास पावसाळ्यात राहण्यासाठी म्हणून त्याचे काम निघाले व १८७१ साली पुरे झाले. दूरवर फाटके, त्यांवर पहारे, आत वळणावळणांचे रस्ते व दाट झाडी. सामान्य माणूस सहजासहजी आत पोहोचू नये, हाच त्या रचनेचा हेतू. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला तो येथेच. तेथून परतताना चापेकर बंधूंनी रँडसाहेबावर गोळी झाडली ती याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर. अशी ही जागा १९४९ साली रयतेच्या मुलांची झाली. परंतु मालक बदलल्याने रस्ते बोलू लागत नाहीत. चारशे अकरा एकरांच्या त्या आवारात आजही नवखा मुलगा आपला विभाग शोधीत तासभर भटकू शकतो.

शिवाय तेथील भाषाही निराळी. ‘जयकरात बसू’ असे कोणी म्हटले, तर तो ग्रंथालयाविषयी बोलत आहे, हे नव्याने कसे ओळखावे? ‘रिफेक्टरी’ हा तर ख्रिस्ती मठांतील भोजनगृहाचा शब्द. जुन्नर-आंबेगावच्या मुलास ती पाटी वाचून आत आपल्यासाठी ताट वाढलेले आहे, असे वाटण्याचे कारण नाही. त्याच आवारात कर्मवीरांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे; परंतु जो विचारीत नाही, त्यास ती असून नसल्यासारखीच. आमच्या शेजारच्या खोडदच्या माळावर पंचेचाळीस मीटर व्यासाच्या महाकाय तबकड्या आहेत. अशा एकंदर तीस तबकड्यांनी मिळून तेथील रेडिओ दुर्बीण झाली आहे. ती चालविणाऱ्या संस्थेचे पुण्यातील ठाणे याच विद्यापीठाच्या आवारात आहे. लहानपणापासून त्या तबकड्या पाहिलेला आमच्याकडील मुलगा त्या संस्थेच्या दारावरून जाईल, आणि ती आपल्या गावचीच आहे हे त्याच्या गावीही नसेल.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. सातव्या शतकात नालंदेस गेलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो की, तेथे द्वारपालच प्रश्न विचारीत व बहुतेकांस परत पाठवीत. दार होते ते परीक्षेसाठी. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचे व त्यांच्या शिक्षकांचे प्रांतवार चार संघ असत. परमुलखात आपली बोली बोलणारा माणूस भेटावा, ही गरज त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. आपल्याकडे तेच काम ‘गाववाला’ करीत आला. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापिली, तीही ग्रामीण मुलांस शहरात निवारा व आपली माणसे मिळावीत म्हणूनच.

२०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ नावाची योजना सर्व विद्यापीठांस सुचविली. ती स्तुत्य आहे. परंतु भाषण, पत्रक व नकाशा यांनी अर्धेच काम होते. नकाशा इमारत कोठे आहे ते सांगतो. ती तुझीही आहे, हे सांगावयास माणूसच लागतो. बुद्धी कमी म्हणून परतलेल्या मुलांइतकीच, संकोचाने विचारले नाही म्हणून परतलेली मुलेही आम्हा शिक्षकांनी पाहिली आहेत. ही हानी भरून निघत नाही.

तेव्हा वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात एका नव्या मुलास सोबत घेऊन ग्रंथालयात नाव नोंदवून द्यावे, भोजनगृहात शेजारी बसवून जेवू घालावे आणि दवाखाना व कचेरी दाखवावी. शहरातील कुटुंबांनीही आपल्या ओळखीच्या गावाकडील मुलाची आठवड्यातून एकदा चौकशी करावी. वार लावण्याची जुनी रीत गेली, ती गेली हेच बरे. तिच्यातील विचारपूस मात्र जाऊ देऊ नये, आणि ती या वेळी जात न पाहता सर्वांची व्हावी, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.