ऑस्टेंडची आग

युद्धाचा इतिहास सामान्यतः तोफांच्या आवाजावरून लिहिला जातो. कोणत्या सेनापतीनें कोणती चाल केली, कोणतें जहाज कोणाच्या माऱ्यानें बुडालें, हें सारें त्यांत सविस्तर येतें. परंतु बोटींत पेट्रोल कोणी भरलें व कसें भरलें, याची विचारपूस करण्याच्या भानगडींत इतिहासकार सहसा पडत नाहीं. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बेल्जमच्या किनाऱ्यावर एक असा प्रसंग घडला कीं, त्यानें या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या कामाला इतिहासांत कायमची जागा मिळवून दिली.

कॅनडाच्या आरमाराचा एकोणतिसावा मोटार टॉर्पेडोबोटींचा ताफा 1944 सालीं उभा राहिला. त्यांत आरंभीं आठ बोटी होत्या. प्रत्येक बोट सुमारें 72 फूट लांब, लांकडी आणि अतिशय वेगवान. तिच्या पोटांत पॅकार्ड बनावटीचीं तीन बलाढ्य पेट्रोल एंजिनें. जर्मनांच्या याच जातीच्या बोटी डीझेल तेलावर चालत, आणि हा फरक लहान नव्हता. डीझेल तेल नेहमींच्या हवेंत सहजासहजीं भडकत नाहीं. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखालीं 40 अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींतहि पेट घेऊं शकते. ती हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळें वर उडून न जातां बोटीच्या तळाशीं साचून राहते, आणि हवेंत तिचें प्रमाण शेंकडा दीडच्या आसपास गेलें कीं, एका ठिणगीनें तिचा स्फोट होतो. शिवाय पेट्रोल पाण्याहून हलकें. तें सांडलें तर बुडत नाहीं, पातळ थर होऊन पसरतें. आणि ज्या पाण्यानें आग विझवावयाची, त्याच पाण्यावर आग चालूं लागते.

या ताफ्यानें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 1944 च्या उन्हाळ्यांत अनेक रात्री शत्रूशीं झुंज घेतली. जुलै महिन्यांत त्याच्या दोन बोटी सुरुंगांना बळी पडल्या. पुढें बेल्जम मुक्त झाल्यावर ताफ्याचा तळ ऑस्टेंड येथें हलला. तेथील बंदरांत कॅनेडियन व ब्रिटिश बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या असत. प्रत्येकीच्या टाक्यांत पेट्रोल आणि तक्त्यावर टॉर्पेडो व दारूगोळा!

14 फेब्रुवारी 1945 रोजीं यांपैकीं एका बोटीच्या इंधनांत पाणी मिसळलें असल्यामुळें तें काढून टाकण्याचें काम चाललें होतें. काम नित्याचेंच; त्यांत शत्रूचा संबंध नव्हता, कीं शौर्याचा प्रश्न नव्हता. परंतु तें करतांना पाण्याबरोबर पेट्रोलहि बंदरांत गेलें आणि बोटींच्या मधल्या संथ पाण्यावर पसरलें. दुपारीं चारच्या सुमारास त्या थरानें पेट घेतला. आग एका बोटीवरून दुसरीवर गेली, टाक्या फुटल्या, दारूगोळ्याचे स्फोट होऊं लागले. त्या एका दुपारीं कॅनडाच्या पांच व ब्रिटनच्या सात अशा बारा बोटी नाहींशा झाल्या. 26 कॅनेडियन व 35 ब्रिटिश खलाशी प्राणांस मुकले. शत्रूच्या सुरुंगांनीं या ताफ्याच्या दोन बोटी घेतल्या होत्या. स्वतःच्या पेट्रोलनें पांच घेतल्या. थोड्याच दिवसांत हा ताफा मोडण्यांत आला.

पेट्रोलचा हा स्वभाव तोंपर्यंत कोणास ठाऊक नव्हता, असें मात्र नाहीं. अमेरिकेनें 25 एप्रिल 1940 रोजींच मोटारबोटींसंबंधीं कायदा करून एंजिनाची ज्वाळा बाहेर येऊं न देणारी जाळी, तळांतील वाफ बाहेर काढणारी हवेची वाट आणि आग विझविण्याचें साधन यांची सक्ती केली होती. जर्मनीनें तर युद्धापूर्वींच 20 लिटरचा असा डबा बनविला होता कीं, त्याच्या तोंडाशीं बसविलेल्या नळीवाटे हवा आंत शिरून पेट्रोल उसळ्या न मारतां एकसंध धारेनें बाहेर येई. ब्रिटिश सैन्याचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे वाळवंटांत सांध्यांशीं फुटून गळत. म्हणून ब्रिटिश शिपाई हातीं लागलेले जर्मन डबे जपून ठेवीत. पुढें ब्रिटननें त्याची नक्कलच केली. जर्मनांस ब्रिटिश शिपाई 'जेरी' म्हणत, त्यावरून त्या डब्याचें नांव 'जेरीकॅन' पडलें. ज्ञान होतें, साधनेंहि होतीं. उणीव होती ती, नित्याच्या कामालाहि लढाईइतकेंच लक्ष देण्याची.

आज लहान मोटारबोटींत पेट्रोल भरण्याचे जे नियम रूढ आहेत, त्यांचें मर्म या पार्श्वभूमीवर सहज उमगतें. सुटी टाकी असेल तर ती धक्क्यावर उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावी. टाकी बोटींत बसविलेली असेल तर एंजिन बंद करावें, माणसें उतरवावीं व खिडक्या-झांकणें लावून घ्यावीं, म्हणजे जड वाफ आंत उतरत नाहीं. नळीचें तोंड टाकीच्या तोंडास टेकलेलें असावें, नाहींतर वाहत्या पेट्रोलमुळें सांचलेली वीज ठिणगीच्या रूपानें उडते. टाकी कांठोकांठ भरूं नये. उन्हानें दहा अंश उष्णता वाढली कीं पेट्रोल शेंकडा सुमारें एक भाग फुगतें आणि वाट मिळेल तेथून बाहेर येतें. थेंब टिपण्यास फडकें हाताशीं असावें. भरणें संपल्यावर झांकणें उघडून कांहीं मिनिटें हवा खेळूं द्यावी, तळाशीं नाक नेऊन वास घ्यावा, आणि मगच एंजिन चालू करावें. सांडलेल्या पेट्रोलवर साबण ओतून तें दडविण्याची युक्ति मात्र घातक होय; डोळ्यांआड झालेलें पेट्रोल पाण्यांतच राहतें.

यांतील एकाहि कृतीस बळ लागत नाहीं, विद्वत्ता लागत नाहीं. लागतात तीं केवळ चार मिनिटें. ऑस्टेंड येथें आज त्या खलाशांचें स्मारक उभें आहे. तें पाहणाऱ्यास वाटतें, हे वीर शत्रूशीं लढतांना पडले असावेत. खरें पाहतां ते लढाईंतून सुखरूप परत आले होते. आणि बंदरांत, बांधलेल्या बोटींवर, भर दुपारीं मेले.