महेश्वरी वस्त्रपरंपरा आणि विणकर स्त्री : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतीय वस्त्रकलेच्या इतिहासलेखनात राजाश्रय, व्यापारी पेठा आणि वस्त्रांचे प्रकार यांची चर्चा विपुल आढळते. सूत काढणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या स्त्रीचा उल्लेख मात्र ओझरता असतो. प्रस्तुत लेखात नर्मदातीरावरील महेश्वर (जि. खरगोन, मध्य प्रदेश) येथील हातमागाच्या संदर्भात या स्त्रीच्या स्थानाचा विचार केला आहे.

प्राचीन संदर्भ :
कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सूत्राध्यक्षाचे प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विधवा, अपंग स्त्रिया, संन्यासिनी यांच्याकडून सूत कातून घ्यावे, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना दासींमार्फत काम पोहोचवावे, असे तेथे सांगितले आहे. सूत घेऊन आलेल्या स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्यास दंड आहे. परंतु मजुरी देण्यास विलंब करणाऱ्यास त्याहून मोठा दंड आहे. हा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. निराधार स्त्रीला शासनाने काम द्यावे आणि मजुरी वेळेवर द्यावी, ही कल्पना आधुनिक कल्याणकारी राज्याने प्रथम मांडली असे म्हणता येणार नाही.

होळकरकालीन महेश्वर :
इ.स. १७६७ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) यांनी महेश्वर ही राजधानी केली व विणकरांना तेथे वसविले. पहिल्या साडीची रचना स्वतः अहिल्याबाईंनी केली असे महेश्वरात सांगितले जाते. ही आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांचा आश्रय निर्णायक होता, यात शंका नाही. राजकुलातील स्त्रिया आणि पाहुण्यांना द्यावयाचा आहेर हे या वस्त्राचे पहिले ग्राहक. मराठी घरांतील नऊवारीशी त्याचे नाते असे आरंभापासूनचे आहे. अंगभर साधी वीण, बारीक चौकटी वा रेघा, आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ ही त्याची ओळख. किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांतील वेलबुट्ट्या, चटईची वीण, विटांची रचना, नर्मदेच्या लाटा या काठांवर उतरल्या. पुढे सुती ताण्याच्या जागी रेशमी ताणा आला, बाणा सुतीच राहिला.

डिसेंबर १८१७ मधील महिदपूरचा पराभव आणि जानेवारी १८१८ मधील मंदसौरचा तह यांनंतर राजधानी इंदूरला गेली. दरबार गेला, मागोमाग मागणीही ओसरली. पुढे गिरण्यांच्या स्वस्त कापडाने उरलेसुरले हिरावले.

पुनरुज्जीवन आणि स्त्री :
१९७८ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था स्थापन केली. (रेहवा हे नर्मदेचेच एक नाव.) पुनरुज्जीवनाची बहुतेक वर्णने येथे साड्यांच्या सौंदर्याकडे वळतात. खरी घटना निराळी आहे. कुटुंबाच्या मागावर सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे स्त्रीची आणि मागावर बसणारा, व्यापाऱ्याशी हिशेब करणारा पुरुष, अशी वाटणी रूढ होती. तिच्या श्रमाची किंमत साडीच्या किमतीत विरून जाई. रेहवाने स्त्रियांना प्रत्यक्ष मागावर बसविले आणि मजुरी त्यांच्या हाती दिली; निवारा, आरोग्य व मुलांचे शिक्षण यांची जोडही दिली. परंपरा जतन करावयाची म्हणजे तिच्यातील श्रमविभागणीही जशीच्या तशी राखावयाची, हा समज येथे मोडला. महेश्वरी टिकली ती परंपरेतील एक भाग बदलल्यामुळे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. पुढे सॅली होळकर यांनीच स्थापन केलेल्या 'विमेनवीव्ह' या संस्थेने सूतकताईपर्यंत हे काम नेले.

कायदा आणि गणना :
महेश्वरी साडीस भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी लाभली आहे. ही नोंदणी नावाचे रक्षण करते. मजुरीचा दर ठरविणे हे तिचे कार्यक्षेत्र नव्हे. यंत्रमागावरील नक्कल कमी दरात विकली जाते, तेव्हा व्यापारी पहिली कात्री मजुरीलाच लावतो. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशातील सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांपैकी ७२ टक्के स्त्रिया आहेत. तरीही 'विणकर' हा शब्द आपण पुल्लिंगीच वापरतो, आणि अभ्यासक्रमातील वस्त्रोद्योगाच्या धड्यात तिचा उल्लेख आला तर तो 'कुटुंबीयांचे साहाय्य' या दोन शब्दांत येतो. रेहवासारख्या संस्थांच्या मजुरीच्या वह्या आज इतिहासाची साधने ठरतात, कारण त्यांत स्त्रीच्या नावापुढे तिने विणलेले कापड आणि तिला मिळालेली रक्कम यांची नोंद असते.