कुलूपबंद नोंदी आणि अभ्यासाचे शुल्क: अमेरिकी संशोधन डेटा केंद्रांचा इतिहास

अमेरिकेच्या जनगणना ब्युरोकडे देशातल्या घरांची, दुकानांची आणि कारखान्यांची जी माहिती गोळा होते, ती कायद्याने गोपनीय आहे. हा कायदा ‘टायटल 13’ या नावाने ओळखला जातो. 1954 मध्ये त्याची संहिता तयार झाली. माहिती केवळ सांख्यिकीच्या कामासाठी वापरायची, एखाद्या माणसाची किंवा उद्योगाची ओळख पटेल असे काहीही छापायचे नाही, आणि शपथ घेतलेल्या कर्मचाऱ्यांखेरीज कोणालाही मूळ नोंदी पाहू द्यायच्या नाहीत, असे त्याचे नववे कलम सांगते. गुपित फोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लोकसंख्येच्या जनगणनेतल्या व्यक्तिगत नोंदी 72 वर्षांनी खुल्या होतात. त्यानुसार 1950 सालच्या नोंदी 1 एप्रिल 2022 रोजी लोकांना पाहायला मिळाल्या.

हा कडकपणा अनुभवातून आलेला आहे. जनगणनेतली माहिती कर, लष्करभरती किंवा खटल्यासाठी वापरली जाणार नाही, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी 1910 च्या जनगणनेच्या वेळी जाहीरनाम्याद्वारे दिले होते. दुसऱ्या महायुद्धात हे आश्वासन मोडले. 1942 च्या युद्धकालीन अधिकार कायद्याने गोपनीयता शिथिल झाली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या कुटुंबांना हलवताना कोणत्या वस्तीत ती किती आहेत याचे तक्ते ब्युरोने पुरवले. सुमारे 1,20,000 माणसे छावण्यांमध्ये डांबली गेली. मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्टझर या अभ्यासकांनी 2000 नंतर जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा काही प्रसंगी नावानिशी माहितीही दिली गेल्याचे उघड झाले. ब्युरोच्या प्रमुखांनी 2000 साली जाहीर माफी मागितली. नोंदींभोवतीच्या कडेकोट बंदोबस्ताची चर्चा करताना हा इतिहास डोळ्यांआड करून चालत नाही.

लोकसंख्येच्या बाबतीत संशोधकांसाठी एक वाट लवकर सापडली. 1960 च्या जनगणनेतून हजारात एक या प्रमाणात नमुना काढून, नावे-पत्ते वगळून, तो यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात सर्वांना उपलब्ध करण्यात आला. कोट्यवधी माणसांमधून निवडलेल्या अशा नमुन्यात एखादा माणूस हुडकून काढणे अवघड असते. कारखान्यांचे तसे नाही. एखाद्या जिल्ह्यात सिमेंटचा एकच मोठा कारखाना असेल, तर त्याचे नाव झाकून काही साधत नाही. उत्पादन आणि कामगारांची संख्या पाहताच त्या भागातला कोणीही माणूस कारखाना ओळखेल, आणि प्रतिस्पर्ध्याला तर आयताच हिशेब मिळेल. त्यामुळे उद्योगांच्या मूळ नोंदींचा खुला नमुना काढता आला नाही. त्या अभ्यासायच्या तर नोंदी जिथे आहेत तिथे माणसाने जायचे, एवढाच मार्ग उरला.

या मार्गाची पायाभरणी येल विद्यापीठातल्या रिचर्ड आणि नॅन्सी रगल्स या अर्थतज्ज्ञ दांपत्याने केली. कारखान्यांच्या निरनिराळ्या वर्षांच्या नोंदी ब्युरोत सुट्या सुट्या पडून होत्या. एकाच कारखान्याची दरवर्षीची माहिती एका धाग्यात ओवली, तर तो कधी सुरू झाला, कसा वाढला, कधी बंद पडला हे सलग दिसेल, ही त्यांची कल्पना होती. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने या कामाला पैसा दिला. 1982 मध्ये ब्युरोने ‘सेंटर फॉर इकॉनॉमिक स्टडीज’ हा विभाग काढला आणि या नोंदींचे काम त्याच्याकडे सोपवले. याच नोंदींवर स्टीव्हन डेव्हिस, जॉन हाल्टिवँगर आणि स्कॉट शू यांनी नोकऱ्यांची निर्मिती आणि ऱ्हास यांचा अभ्यास उभा केला. त्यांचे पुस्तक 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. वरून संथ वाटणाऱ्या अर्थव्यवस्थेच्या पोटात दरवर्षी लाखो नोकऱ्या जन्मतात आणि मरतात, हे एकत्रित तक्त्यांत कधीच दिसले नव्हते.

मात्र हे काम करायला वॉशिंग्टनजवळच्या सूटलँड गावात, ब्युरोच्या मुख्यालयात जाऊन बसावे लागे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सांख्यिकी संघटना, विज्ञान प्रतिष्ठान आणि ब्युरो यांनी मिळून एक फेलोशिप सुरू केली होती. तिच्यामुळे काही अभ्यासकांना तिथे मुक्काम करून काम करता आले. या व्यवस्थेचा लाभ मुख्यतः प्रस्थापित प्राध्यापकांना झाला. महिनोन्‌महिने घर सोडून राहणे तुटपुंज्या विद्यावेतनावर जगणाऱ्या विद्यार्थ्याला परवडणारे नव्हते. जवळपास राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. मेरीलँड विद्यापीठ सूटलँडपासून थोड्याच अंतरावर आहे आणि हाल्टिवँगर तिथेच शिकवत. चॅड सिव्हर्सन यांनी त्याच विद्यापीठातून पीएच.डी. केली. तयार काँक्रीट पुरवणाऱ्या कारखान्यांवरचा त्यांचा निबंध 2004 मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला आणि उत्पादकतेच्या अभ्यासात त्याची नेहमी चर्चा होते. ओले काँक्रीट फार लांब नेता येत नाही, म्हणून प्रत्येक गावची बाजारपेठ वेगळी, आणि जिथे स्पर्धा दाट तिथे अकार्यक्षम कारखाना टिकत नाही, हा त्याचा गाभा. अशा प्रश्नाला मूळ नोंदींशिवाय हात घालता आला नसता. विषय सुचण्याची कुवत देशभरच्या विद्यार्थ्यांत होती, पण नोंदी जवळ असण्याचे भाग्य थोड्यांच्या वाट्याला आले.

हे अंतर कमी करण्यासाठी 1994 मध्ये बोस्टनमध्ये, ब्युरोच्या विभागीय कार्यालयात पहिले संशोधन डेटा केंद्र उघडले. 1997 मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दुसरे निघाले. ते पुढे बंद झाले. त्यानंतर कॅलिफोर्नियातली लॉस एंजेलिस आणि बर्कली, उत्तर कॅरोलायनातले ड्यूक, मिशिगन, शिकागो, न्यूयॉर्क अशी केंद्रे वाढत गेली.

केंद्र म्हणजे प्रत्यक्षात एक-दोन खोल्या. दाराला ओळखपत्राचे कुलूप, आत काही टेबले आणि पडदे. नोंदी त्या खोलीत नसतातच. त्या मेरीलँडमधल्या बोवी गावच्या संगणक केंद्रात असतात आणि खोलीतल्या पडद्यावर फक्त काम दिसते. तिथल्या यंत्रांना बाहेरचे इंटरनेट नाही. काढलेला तक्ता स्वतः उचलून नेता येत नाही. त्यातून कोणा उद्योगाची ओळख फुटत नाही ना, हे ब्युरोचा अधिकारी तपासतो आणि मगच तो संशोधकाच्या हाती पडतो. एखाद्या चौकटीत दोन-तीनच कारखाने असतील तर ती चौकट गाळली जाते, आणि कधी कधी अख्खा तक्ता नव्याने मांडावा लागतो.

या बंदोबस्ताला पैसा लागतो, आणि शुल्काचा प्रश्न इथूनच सुरू होतो. जागा, सुरक्षा, यंत्रे आणि खोलीची जबाबदारी सांभाळणारा ब्युरोचा प्रशासक हे सगळे खर्च दरवर्षीचे असतात. विज्ञान प्रतिष्ठान केंद्र उभारायला सुरुवातीची काही वर्षे अनुदान देई, पुढचा भार यजमान विद्यापीठाने उचलायचा असे. विद्यापीठांनी तो वापरणाऱ्यांवर टाकला. प्रकल्पामागे वर्षाला हजारो डॉलर आकारले जाऊ लागले. मोठे अनुदान हाती असलेल्या प्राध्यापकाला ही रक्कम खर्चाच्या अंदाजपत्रकात बसवता येई. विद्यार्थ्याकडे असे अंदाजपत्रकच नसते. परिणामी 2000 च्या सुमारास विचित्र अवस्था झाली: नोंदींची मागणी होती, पण केंद्रांतल्या खुर्च्या पुरेशा भरत नव्हत्या.

त्याला शुल्काइतकीच दिरंगाईही कारणीभूत होती. उद्योगांच्या यादीत प्राप्तिकर खात्याकडून आलेली माहिती मिसळलेली आहे, म्हणून त्या खात्याचाही शब्द चालतो. 1999 मध्ये त्याने सुरक्षेची तपासणी केली आणि 2000 साली दोन्ही खात्यांनी प्रकल्प मंजुरीचे निकष लेखी ठरवले. अभ्यासाचा मुख्य हेतू जनगणना ब्युरोच्या कामाला उपयोगी असावा, ही अट त्यामुळे घट्ट झाली. केवळ चांगला प्रश्न पुरेसा राहिला नाही. त्यातून ब्युरोच्या सर्वेक्षणात काय सुधारणा होईल हेही दाखवावे लागले. मंजुरीत अनेक महिने जाऊ लागले. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 2005 च्या अहवालाने या अडथळ्यांकडे स्पष्टपणे लक्ष वेधले.

तोडगा निघाला तो सामायिक सदस्यत्वातून. एका परिसरातल्या संस्थांनी वर्गणी काढून केंद्र चालवायचे आणि सदस्य संस्थांतल्या अभ्यासकांकडून वेगळे शुल्क घ्यायचे नाही किंवा नाममात्र घ्यायचे, अशी पद्धत रुळली. उत्तर कॅरोलायनात ड्यूकच्या जोडीला शेजारची विद्यापीठे आली, शिकागोत फेडरल रिझर्व्ह बँकेच्या जागेत विद्यापीठे एकत्र आली. सदस्य विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यामुळे बहुतेक ठिकाणी खुर्ची विनामूल्य मिळू लागली. काही केंद्रांनी प्रबंधासाठी छोटी अनुदाने ठेवली. ब्युरोनेही प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन योजना सुरू केली. तिच्यात विद्यार्थ्याला विभागातला एक अर्थतज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून मिळतो. ही मदत पैशांपेक्षा मोलाची आहे, कारण कोणत्या वर्षी प्रश्नावली बदलली, कुठला रकाना विश्वासार्ह नाही, हे जाणणारी माणसे ब्युरोतच असतात आणि छापील पुस्तिकेत ते सगळे सापडत नाही.

विद्यार्थ्यापुढची दुसरी अडचण वेळेची. आत जाण्याआधी बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची चौकशी आणि आयुष्यभर बंधनकारक असणारी गोपनीयतेची शपथ यांतून जावे लागते. नागरिकत्वाची अट नाही, पण गेल्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे अमेरिकेत वास्तव्य असावे लागते. पुण्या-मुंबईहून पीएच.डी.साठी नुकत्याच गेलेल्या विद्यार्थ्याला या अटीमुळे पहिली तीन वर्षे दार बंद असते. त्यापुढे मंजुरीचे महिने धरले, तर पाच-सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला फार थोडा अवकाश उरतो. म्हणून अनेक परदेशी विद्यार्थी आधीच मंजूर असलेल्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात सहभागी होण्याचा मार्ग धरतात. ही अट कोणत्याही शिष्यवृत्तीने सुटत नाही.

इतर देशांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. कॅनडाने 2000 च्या सुमारास विद्यापीठांतून केंद्रे उभारताना विज्ञान व सामाजिक संशोधनाच्या राष्ट्रीय निधीतून खर्चाची तरतूद केली, आणि सदस्य विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर शुल्काचे ओझे पडू दिले नाही. भारतात 1948 च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम मूळ नोंदी कोणालाही पाहू देत नाही. वार्षिक उद्योग सर्वेक्षणाची कारखानानिहाय माहिती संशोधकांना मिळते, पण कारखान्यांची ओळख वर्षानुवर्षे जोडता येईल अशी आवृत्ती देताना जिल्ह्याचा उल्लेख काढून टाकलेला असतो. अमेरिकेत जी जोखीम बंदिस्त खोली बांधून टाळली, ती भारतात माहितीच उणी करून टाळली जाते. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखानदारीचा दीर्घकाळाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला या दोन पद्धतींतला फरक लगेच जाणवतो.

2010 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी केंद्रांचे नाव ‘फेडरल स्टॅटिस्टिकल रिसर्च डेटा सेंटर्स’ असे झाले, कारण आता जनगणना ब्युरोबरोबर आरोग्य आणि कामगार सांख्यिकीच्या खात्यांच्या नोंदीही तिथे अभ्यासता येत होत्या. राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने 1998 मध्येच स्वतःचे डेटा केंद्र सुरू केले होते. आपल्या नोंदी तयार करून देण्याचे वेगळे शुल्क ते घेते, त्यामुळे आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याला खुर्चीच्या शुल्काशिवाय हा खर्चही धरावा लागतो. 2018 मध्ये संमत झालेल्या पुराव्याधारित धोरणांच्या कायद्याने सर्व संघीय सांख्यिकी खात्यांसाठी एकच अर्जपद्धती आणण्याचे बंधन घातले आणि डिसेंबर 2022 मध्ये ती सुरू झाली. 2020 च्या साथीत काही प्रकल्पांना घरून काम करण्याची मुभा मिळाली.

आज अशी तीसहून अधिक केंद्रे आहेत. अर्ज एक झाला, नियम एक झाले, शपथही एक आहे. शुल्क मात्र प्रत्येक यजमान संस्था स्वतः ठरवते. सार्वजनिक पैशातून गोळा केलेल्या नोंदींचा अभ्यास विद्यार्थ्याला परवडेल की नाही, हे त्याचे विद्यापीठ वर्गणीदार आहे की नाही यावर अवलंबून राहणे अन्यायाचे आहे. छोट्या आणि गरीब विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी हा खर्च संघीय निधीतून भागवण्याची कायमची तरतूद व्हायला हवी.